मुंबई बंदरातून दोनदा

कुपवाडात उर्दू माध्यमाच्या मुलांना आम्ही इतिहास शिकवतो. एकदा ९ डिसेंबरला, डॉ. कोटणीस यांच्या स्मृतिदिनी, त्यांची हकिकत सांगत होतो. मध्येच एका मुलाने विचारले, "सर, चिनी लोक मुसलमान होते का?" वर्ग हसला. आम्हाला हसता आले नाही. आदल्याच आठवड्यात डॉ. मुख्तार अहमद अन्सारींच्या पथकाविषयी आम्ही मोठ्या अभिमानाने बोललो होतो. मदतीला धावायचे ते आपल्याच माणसांच्या, असा अर्थ पोराने त्यातून काढला होता.

अन्सारींचे पथक डिसेंबर १९१२ मध्ये मुंबईहून निघाले. बाल्कन युद्धातील जखमी तुर्की सैनिकांसाठी मौलाना मोहम्मद अली यांच्या 'कॉम्रेड' पत्राने वर्गणी उभी केली होती. जुलै १९१३ मध्ये पथक परतले. त्यामागे मिल्लतचा जिव्हाळा होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण हेच अन्सारी १९२७ साली मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले, हे सांगायचे मात्र आमच्याकडून राहून गेले होते.

१९३६ साली अन्सारी वारले. दोनच वर्षांनी त्याच काँग्रेसने त्याच मुंबईहून दुसरे पथक पाठवले. जपानने १९३७ मध्ये चीनवर चढाई केली होती. चिनी सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले. अध्यक्ष सुभाषबाबूंनी आवाहन केले आणि सुमारे २२,००० रुपये जमले. १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर बोटीत बसले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, वय अवघे २७. सोलापूर म्हणजे १९३० च्या मार्शल लॉचे गिरणगाव. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा यांच्याबरोबर कुर्बान हुसेन जानेवारी १९३१ मध्ये फासावर गेले, ते याच शहराचे.

चीनमध्ये असतानाच कोटणिसांना वडील गेल्याची खबर मिळाली. ते परतले नाहीत. सोबती एकेक करून मायदेशी आले, हे मात्र आठव्या रूट आर्मीबरोबर उत्तर चीनच्या आघाडीवर जखमींची शुश्रूषा करत राहिले. कॅनडाचे डॉ. बेथून १९३९ मध्ये शस्त्रक्रिया करताना बोट कापल्याचे निमित्त होऊन रक्तदोषाने दगावले होते. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ साली कोटणिसांकडे आले. तिथल्याच क्वो छिंग-लान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले इन्हुआ. 'इन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. तो साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्याने कोटणीस गेले.

ही हकिकत देशभर पोहोचवली ती हालींच्या घराण्यातल्या ख्वाजा अहमद अब्बास यांनी. परतलेल्या डॉ. बसूंकडून ऐकून त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, मग व. प. साठे यांच्यासह पटकथा. कोल्हापूरच्या शांतारामबापूंनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि कोटणीसही स्वतःच रंगवले. प्रेमकथेला त्यात जरा जास्तच वाव मिळाला, असे आमचे मत. पण तो चित्रपट नसता तर कोटणीस किती जणांना ठाऊक असते?

त्या मुलाला आम्ही "नाही" एवढेच उत्तर दिले आणि फळ्यावर १९१२ खाली १९३८ लिहिले. आता हे दोन्ही धडे आम्ही एकाच तासाला घेतो.