रिकाम्या बाटलीचा इतिहास

खाण्यापिण्याच्या वस्तू कशात बांधून घ्याव्यात, हा काय इतिहासाचा विषय झाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात येईल. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दाराशी अधिक झाले. तेथे आम्ही एक गोष्ट शिकलो. एखादी वस्तू एकाएकी स्वस्त झाली, की तिची उरलेली किंमत कोण भरतो, हे आधी विचारावे. आजच्या विषयालाही आम्ही हाच प्रश्न विचारणार आहोत.

आपल्याकडे पळसाच्या पानांची पत्रावळ होती, द्रोण होता, कुंभाराचे मडके होते. जेवण उठले की पत्रावळ उकिरड्यावर जाई आणि तिची माती होई. टिकाऊ अन्नाची निकड खरी लावली ती लढायांनी. फ्रेंच सैन्याला दूरवर अन्न पुरवता यावे म्हणून फ्रान्समध्ये खटपट चालली होती. निकोला आपेर ह्या खानसाम्याने बाटलीत अन्न घालून, बूच घट्ट लावून, ती पाण्यात उकळण्याची रीत शोधली आणि १८१० साली सरकारकडून १२,००० फ्रँक मिळविले. त्याच साली इंग्लंडात पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचे पेटंट घेतले. पुढे दूध, सोडा, बिअर बाटलीतून विकली जाऊ लागली. बाटली महाग असे, म्हणून विकणारा ती परत घेई. ह्यात निसर्गभक्ती नव्हती, साधा हिशेब होता.

हा हिशेब आपल्या मुंबईने डोळ्यांनी पाहिला आहे. १९४९ साली गोरेगावला आरेची दूध वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी हे ह्या योजनेचे प्रमुख. त्यांना पुढे १९६३ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. आरेचे दूध काचेच्या बाटलीत, अॅल्युमिनियमच्या पातळ झाकणाने बंद करून, केंद्रावर येई. पहाटे रांगेत उभे राहायचे, कार्ड दाखवायचे, रिकामी बाटली द्यायची आणि भरलेली घ्यायची. बाटली फुटली तर घरी बोलणी बसत, हे आमच्या पाठीला अजून आठवते! ती बाटली धुणारे, वाहणारे, मोजणारे हात होते. त्या हातांना पगार होता आणि तो दुधाच्या किमतीत धरलेला होता.

मग हा हिशेब मोडला कोणी? अमेरिकेकडे पाहावे. तेथे महायुद्धानंतर एकदाच वापरून फेकायच्या डब्या-बाटल्यांचा पूर आला. बाटली परत घेण्याची यातायात सुटली, धुण्याचा खर्च सुटला, दूरच्या कारखान्यातून सारा देश काबीज करता आला. १९५३ साली व्हरमाँट राज्याने परत न घेतल्या जाणाऱ्या बाटल्यांतून बिअर विकण्यास बंदी केली. १९५७ साली तो कायदा संपला आणि पुन्हा चालू झाला नाही. पुढे १९७१ साली ऑरेगन राज्याने बिअर व शीतपेयांच्या डब्या-बाटल्यांवर ५ सेंटची अनामत बसविली. जर्मनीने २००३ साली एकदाच वापरायच्या डब्या-बाटल्यांवर अशी अनामत सक्तीची केली. म्हणजे जे आमच्या दूधकेंद्रावर सहज घडत होते, ते इतरत्र कायद्याने पुन्हा आणावे लागले.

आपल्याकडे मात्र काचेची बाटली गेली, प्लास्टिकची पिशवी आली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तुंबलेल्या नाल्यांत ह्या पिशव्याही होत्या. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारने बंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंना देशभर बंदी आली. पहिल्या बंदीच्या वेळी पिशव्यांच्या एका लहान कारखान्यातले कामगार आमच्याकडे आले. "साहेब, बंदी बरोबर की चूक, ते मागाहून सांगा. आमच्या महिन्याचे काय?" आम्हांस उत्तर देता आले नाही. बंदी योग्यच होती, असे आम्ही आजही म्हणतो. पण ज्याची भाकरी जाते त्याला दुसरे काम न देता केलेली सुधारणा अर्धीच असते, हेही त्याच दमात म्हणतो.

आता दुसऱ्या टोकाचे कामगार पाहा. १९९३ साली पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली. तिचे नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. ह्या नावात आमच्या विषयाचे सार आहे. कागद, काच आणि पत्रा ह्यांना भंगारात भाव आहे, म्हणून त्यांना वेचणारा हात आहे. दुधाची पिशवीही भंगारवाला घेतो. पण वेफर्सची चकचकीत पुडी, जिच्यात प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांस चिकटवलेले असतात, ती कोणी घेत नाही. वेचणारी बाई ती उचलते, पाहते आणि टाकून देते. तिच्या श्रमाची ती किंमत कंपनीच्या कोणत्याच वहीत लिहिलेली नसते.

मग घ्यावे काय? केवळ जुने म्हणून काही चांगले ठरत नाही. काचेची बाटली जड असते, तिला भट्टी लागते, वाहायला डिझेल लागते. ती पुनःपुन्हा भरली तरच परवडते, एकदा वापरून फेकली तर तो उधळेपणाच होय. मातीच्या कुल्हडालाही भट्टीचे जळण लागते. कागदी पेल्याला आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून नुसत्या कागद ह्या नावाला भुलू नये. सर्वांत चांगले ते घरचे भांडे, डबा आणि कापडी पिशवी. त्यानंतर परत जाणारी बाटली. त्यानंतर पानांची पत्रावळ. आणि काहीच जमले नाही, तर भंगारवाला तराजूत घेईल अशी वस्तू.

आणि एवढे करूनही काम संपत नाही. एकट्याने पिशवी नेऊन दूधकेंद्र उभे राहत नाही. रिकामी बाटली परत घेणारी खिडकी उघडा, अशी मागणी दहा घरांनी मिळून केली, तरच ती उघडेल. आमच्या अनुभवात मागितल्याशिवाय कोणतीही खिडकी उघडलेली नाही.