बांधीतलं शेवाळ आणि तांबं

अहेरीकडे धानाच्या बांधीत पाणी साचलं की वर हिरवट शेवाळ धरतं. घाणच वाटते ना? पण १९३९ साली पी. के. डे यांनी दाखवून दिलं की भातखाचरातलं निळं-हिरवं शेवाळ हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतं. म्हणजे युरियाची गोणी येण्याआधी धान पोसण्यात या बिनपगारी मजुरांचा मोठा वाटा होता!

आता गंमत बघा. याच शेवाळाला मारायला १९०४ मध्ये अमेरिकेत तलावांत मोरचूद टाकायला लागले होते. त्याआधी १८८५ मध्ये फ्रान्सच्या मिलार्देने द्राक्षांच्या केवड्यावर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण जाहीर केलं. नाशिककडे ते आजही फवारतात. रोग आटोक्यात येतो, पण तांबं काही कुजत नाही. मातीत साठत जातं.

नॅनोकण ही याच गोष्टीची पुढची आवृत्ती. कण जितका बारीक, तितका वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, आणि धातूचे आयन सुटतातही लवकर. नायट्रोजनचं चक्र फिरवणारे जिवाणू चांदी-तांब्याच्या नॅनोकणांनी मंदावतात, हे प्रयोगशाळेत दिसलंय. खऱ्या मातीत सेंद्रिय पदार्थ त्यांना बऱ्यापैकी बांधून ठेवतात, त्यामुळे सगळं मात्रेवर आणि मातीवर अवलंबून.

२०२४ मध्ये केंद्राने नॅनो कॉपर खताला मान्यता दिली. त्याने वाईटच होईल असं अजिबात नाही. पण २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ गोष्टी मोजतात. त्यात तांबं आहे, जिवाणू नाहीत. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर डिस्क किती भरली ते आपण बघतोय, सर्व्हर चालू आहे की नाही ते कोणीच बघत नाहीये.