कंसातल्या क्रमांकापासून क्लिकपर्यंत : प्रोफायलिंग अहवालाचा इतिहास

१. प्रश्न काय होता?

समजा दुर्गहून निघालेली एक गाडी भिलाईच्या पावर हाउस स्थानकावरून पुढे जाऊन रायपूरला ४० मिनिटे उशिरा पोहोचली. ‘४० मिनिटे लेट’ एवढ्याच माहितीवर काही सुधारता येत नाही. कोणत्या स्थानकावर किती वेळ गेला आणि का गेला, हे कळावे लागते. संथ चालणाऱ्या प्रोग्रॅमचेही तसेच असते. प्रोग्रॅमच्या कोणत्या भागात किती वेळ खर्च होतो, हे मोजण्याला प्रोफायलिंग म्हणतात. या पाठात आपण मोजणीइतकेच तिच्या अहवालाकडे पाहणार आहोत. कागदावरचे आकडे ब्राउझरमध्ये उघडणारी, दुव्यांनी जोडलेली पाने कशी झाली, आणि त्यातून काय साधले?

२. अंदाजाऐवजी मोजणी

१९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डोनाल्ड कनूथ यांनी फोरट्रान भाषेतील, प्रत्यक्ष वापरातल्या प्रोग्रॅमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणते विधान किती वेळा चालले, याची नोंद म्हणजे प्रोग्रॅमचे ‘प्रोफाइल’. त्यांना आढळले की साधारणपणे प्रोग्रॅमच्या ४ टक्क्यांहूनही कमी भागात निम्म्याहून अधिक वेळ जातो. याचा अर्थ तुमच्या लक्षात आला असेल. तो छोटा भाग न शोधता बाकीच्या ओळी कितीही घासूनपुसून लिहिल्या, तरी हाती फारसे काही लागत नाही.

यूनिक्सवर ‘प्रॉफ’ नावाचे साधन होते. ठराविक अंतराने प्रोसेसर कोणत्या फंक्शनमध्ये आहे हे ते टिपून ठेवी आणि शेवटी उतरत्या क्रमाने यादी देई. पण या यादीत एक उणीव होती. मजकूर जुळवणारे एखादे सर्वसामान्य फंक्शन सर्वांत वर आले, तर त्याला इतक्या वेळा कोणी बोलावले, हे यादी सांगत नसे.

३. जीप्रॉफ : कागदावरचा दुवा

१९८२ मध्ये बर्कले येथील सुसान ग्रॅहम, पीटर केसलर आणि मार्शल कर्क मॅकक्युसिक यांनी ‘जीप्रॉफ’ मांडले. वेळेच्या नमुन्यांसोबत कोणत्या फंक्शनने कोणाला किती वेळा बोलावले, हेही ते नोंदवी. त्यामुळे दोन वेळा वेगळ्या दाखवता आल्या. एक, फंक्शनचा स्वतःचा वेळ. दुसरी, त्याने बोलावलेल्या फंक्शनांसह त्याची एकूण वेळ. आपल्या उदाहरणात पावर हाउसवरचा थांबा हा त्या स्थानकाचा स्वतःचा वेळ, तर दुर्ग ते रायपूर प्रवासाच्या एकूण वेळेत तो थांबाही मिळवलेला असतो.

जीप्रॉफच्या अहवालात प्रत्येक फंक्शनला चौकोनी कंसात एक क्रमांक असे. एखाद्या नोंदीत [७] दिसले की वाचकाने पाने उलटत सातवी नोंद गाठायची, तिथून पुढे [१२] कडे जायचे. म्हणजे दुव्याची कल्पना तिथे होतीच; फक्त तो दुवा वाचकाला स्वतःच्या बोटांनी चालवावा लागे. मोठ्या प्रोग्रॅमच्या लांबलचक अहवालात हे काम जिकिरीचे होते, आणि सवय नसलेला माणूस त्या वाटेला सहसा जात नसे.

४. पाने उघडू लागली

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न येथे वेबचा प्रस्ताव दिला आणि १९९३ मध्ये सर्नने हे तंत्र सर्वांसाठी मुक्त केले. कंसातल्या क्रमांकाला जे हवे होते, ते एचटीएमएलमध्ये आयते मिळाले.

याचे ठळक उदाहरण म्हणजे पर्ल भाषेसाठीचे ‘एनवायटीप्रॉफ’. न्यूयॉर्क टाइम्समध्ये काम करणारे ॲडम कॅप्लन यांनी ते २००८ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढे टिम बन्स यांनी ते खूप वाढवले. त्याचे काम दोन टप्प्यांत चालते. प्रोग्रॅम चालू असताना कच्च्या नोंदी एका फाइलमध्ये जातात. नंतर वेगळी आज्ञा त्या फाइलपासून पानांचे एक फोल्डर तयार करते. ही विभागणी महत्त्वाची आहे. मोजतानाच अहवाल सजवू लागलो, तर मोजणीचा भार प्रोग्रॅमवर पडतो आणि मोजलेली वेळच बदलते. तयार पानांत मूळ प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ तिच्या वेळेसह दिसते, जास्त वेळ खाणाऱ्या ओळी रंगाने उठून दिसतात, आणि फंक्शनच्या नावावर क्लिक केले की त्याच्या पानावर जाता येते. २००९ मध्ये फेसबुकने पीएचपीसाठीचे ‘एक्सएचप्रॉफ’ खुले केले; त्याचाही अहवाल ब्राउझरमध्येच वाचायचा होता.

२०११ मध्ये ब्रेंडन ग्रेग यांनी मायएसक्यूएलची एक अडचण सोडवताना ‘फ्लेम ग्राफ’ तयार केला. हजारो नोंदी एकाच चित्रात, एकावर एक रचलेल्या पट्ट्यांच्या रूपात दिसू लागल्या. पट्टी जितकी रुंद, तितका त्या फंक्शनचा वाटा मोठा. चित्र एसव्हीजी स्वरूपात असल्याने तेही ब्राउझरमध्येच उघडते.

५. यंत्र एका गावी, वाचक दुसऱ्या गावी

हा प्रश्न आपल्याकडेही होताच. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सादर केला. अनेक प्रोसेसर एकत्र राबतात, तेव्हा एक प्रोसेसर दुसऱ्याची वाट पाहत किती वेळ बसला, यावर यंत्राचे खरे बळ ठरते. २०१५ पासूनच्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेत अशी यंत्रे देशभरच्या संस्थांत बसू लागली. त्यांच्यावरचे काम बहुधा दूरवरून, आज्ञा टाइप करून चालते. अशा वेळी अहवालाचे फोल्डर आपल्या संगणकावर उतरवून घेतले की झाले. पावर हाउस भागात बसलेला विद्यार्थी पुण्यातल्या यंत्राचा हिशेब वेगळे सॉफ्टवेअर न घेता तपासू शकतो आणि तोच अहवाल आपल्या शिक्षकांना पाठवू शकतो. पूर्वी जे जाणकाराच्या टेबलावर अडून राहत होते, ते असे चार जणांच्या चर्चेत आले.

६. वाचनीय, पण खरे?

इथे मात्र सावध राहा. अहवाल देखणा झाल्याने मोजणी अचूक होत नाही. जीप्रॉफ एका फंक्शनचा वेळ त्याला बोलावणाऱ्यांमध्ये बोलावण्यांच्या संख्येनुसार वाटतो. समजा, ‘क’ या फंक्शनला एकूण १० सेकंद लागले. ‘अ’ने त्याला किरकोळ कामासाठी ९९ वेळा बोलावले, तर ‘ब’ने एकदाच, पण प्रचंड कामासाठी. अहवाल ९.९ सेकंद ‘अ’च्या नावावर मांडेल आणि खरा दोषी ‘ब’ सुटून जाईल. हाच अहवाल रंगीत पानावर मांडला, तर चूक अधिकच पटण्याजोगी वाटेल. फ्लेम ग्राफबाबतही असेच घडते. त्यात डावीकडून उजवीकडे काळ पुढे सरकतो, असा अनेकांचा समज होतो. ग्रेग यांच्या मूळ रचनेत पट्ट्या नावांच्या वर्णानुक्रमे लावलेल्या असतात.

तेव्हा कोणताही अहवाल उघडताना आधी विचारा: हे आकडे मोजलेले आहेत की वाटून दिलेले? दुव्यांमुळे आकड्यांपर्यंतची वाट सोपी झाली. त्या आकड्यांची उलटतपासणी अजूनही वाचकालाच करावी लागते.

विचारासाठी प्रश्न
१. जीप्रॉफमधील कंसातला क्रमांक आणि एचटीएमएलचा दुवा यांत साम्य काय, फरक काय?
२. नोंदी गोळा करणे आणि अहवाल तयार करणे हे टप्पे वेगळे का ठेवतात?
३. वरील ‘अ’ आणि ‘ब’च्या उदाहरणात खरी स्थिती कळण्यासाठी कोणती अधिक नोंद लागेल?