माणदेशचा उन्हाळा आणि पियानोचा पंचम

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागांत, माणगंगेच्या कांठीं, म्हसवड हें गांव वसलें आहे. सिद्धनाथाचें देवालय, मार्गशीर्षांतील रथाची यात्रा आणि धनगरांचीं घोंगडीं यांकरितां त्याची ख्याति. परंतु वैशाखांत येथें राज्य उन्हाचेंच. दोन प्रहरीं रस्ते ओस पडतात, दारें लोटलीं जातात, माठाला ओलें फडकें गुंडाळलें जातें. अशाच एका दुपारीं, ओसरीवर पडल्या पडल्या, आम्हीं भ्रमणध्वनीवर शोपँची पियानोवरील एक लहानशी रचना ऐकली. युरोपांत तिला 'पर्जन्यबिंदु' म्हणतात. जेथें वळवाच्या एका सरीसाठीं डोळे आभाळाकडे लागलेले असतात, तेथें हें नांव ऐकून वाचकांस हंसूं आल्यास नवल नाहीं.

शोपँ १८३८-३९ च्या हिवाळ्यांत मायोर्का बेटावरील एका जुन्या मठांत राहिला होता. हवा ओली, छातीचें दुखणें बळावलेलें; पॅरिसहून मागविलेला पियानो जकातीच्या नाक्यावर अडकून पडला, तो जानेवारींत हातीं आला. तेथेंच त्यानें आपल्या चोवीस लघुरचनांचें काम पुरें केलें, व त्या १८३९ सालीं प्रसिद्ध झाल्या. त्यांतील ही पंधरावी. 'पर्जन्यबिंदु' हें नांव मात्र त्याचें नव्हे. तें मागाहून लोकांनीं दिलें.

या रचनेंत एकच स्वर आरंभापासून जवळजवळ अखेरपर्यंत सारखा वाजत राहतो. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर तो पंचम होय. मध्यंतरीं रचनेचा रंग पालटतो, कोमल गंधाराची छाया पडते, तरी षड्ज तोच राहतो व पंचमहि ढळत नाहीं. तंबोऱ्याच्या पहिल्या तारेची संवय असलेल्या कानास हें संगीत परकें वाटत नाहीं, याचें कारण हेंच असावें.

मग पियानो आमच्या खेड्यांत कां आला नाहीं? त्यांत मींड निघत नाहीं, हें उत्तर अपुरें आहे. कारण मींड पेटींतहि निघत नाहीं. त्याच दोषावरून १९४० सालीं नभोवाणीनें पेटीस बंदी केली, व ती १९७१ पर्यंत सैल झाली नाहीं. तरीहि भजनी मंडळांतून पेटी हालली नाहीं. खरें कारण हवेंत आणि पैशांत आहे. पियानोचा ध्वनिफलक लांकडाचा. कोरड्या उन्हाळ्यांत तो आकसतो व स्वर उतरतो, पावसाळ्यांत फुगतो व स्वर चढतो. तारा वारंवार जुळविणारा कारागीर हवा, आणि तो आमच्या पेठेंत कोठून मिळणार? पॅरिसांत १८४२ सालीं दबाँ यानें हार्मोनियमची सनद घेतली. कलकत्त्यास तिला हातभात्याचें सुटसुटीत रूप मिळालें. तिच्या पितळी पत्त्या उन्हास दाद देत नाहींत, आणि ती डोक्यावरून नेतां येते. म्हणून ती देवळांत पोंचली व पियानो मुंबईच्या दिवाणखान्यांत राहिला.

परंतु दुपारीं निवांत पडून संगीत ऐकणें हें सुख तरी येथें जुनें आहे काय? म्हसवडचा, म्हणजेच राजेवाडीचा, तलाव हें १८७६-७७ च्या दुष्काळाच्या काळांतलें काम. त्या दुष्काळांत इलाख्यांतील सरकारी कामांवर बायकामुलेंहि माती वाहत व खडी फोडीत. सरकारनें मजुरी दिवसास एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली, तेव्हां पुण्याच्या सार्वजनिक सभेनें तिच्याविरुद्ध आवाज उठविला. त्या मजुरांनाहि दुपार होतीच. पण ती विश्रांतीची नव्हती. त्यांच्या कानीं दिवसभर एकच स्वर असे, तो दगडावरील हातोड्याचा.

आज परिस्थिति पालटली आहे, पण सर्वांची नव्हे. म्हसवडांत २००८ सालीं 'माणदेशी तरंग' हें सामुदायिक नभोवाणी केंद्र निघालें आणि येथील बायकांचा आवाज येथेंच ऐकूं येऊं लागला. परंतु दुष्काळी वर्षीं टँकरची वाट पाहत घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला दुपार अजून मोकळी नाहीं.

रचना संपली तेव्हां बाहेर तोच प्रकार चालला होता. टँकर आला होता आणि घागरी एकमेकींवर आपटत होत्या. आम्हीं भ्रमणध्वनि खालीं ठेवला आणि घरांतली घागर उचलली.