फिशिंग
विश्वासू व्यक्तीचे वा संस्थेचे सोंग घेऊन ई-मेल किंवा संदेशाद्वारे पैसे, पासवर्ड काढून घेण्याची फसवणूक. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट या लस बनवणाऱ्या कंपनीत तिचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सॲप संदेश आला: काही खात्यांवर तातडीने पैसे पाठवा. एक कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली. कुलूप तोडावे लागले नाही. वरिष्ठांचा शब्द झेलण्याची सवय पुरली. म्हणून घाई हीच पहिली खूण. ई-मेलवर नाव कोणाचेही घालता येते. ‘@’ नंतरचा पत्ता अक्षरन् अक्षर वाचावा, आणि आधीपासून जवळ असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. पैसे गेल्यास लाज न बाळगता तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे. रक्कम पुढे वळवली जाण्याआधी ती गोठवता येऊ शकते.