एका जोडविद्येची कुळकथा

अर्थशास्त्र आणि डेटा सायन्स असा जोडविषय घेऊन पदवी संपादन करण्याची सोय अलीकडे अनेक विद्यापीठांत झाली आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २०१७ साली संगणकशास्त्र, अर्थशास्त्र आणि डेटा सायन्स यांचा एकत्रित पदवीक्रम सुरू केला. आपल्याकडील विद्यार्थीही आज त्या वाटेने निघाले आहेत. त्यांच्या पालकांना हा विषय कालपरवा जन्मलेला वाटतो. नाव नवे आहे, हे खरे. पण कूळ जुने आहे, आणि त्या कुळातील काही कर्ती माणसे आपल्या चांगल्या परिचयाची आहेत. त्यांनी कोणते प्रश्न हाताळले आणि त्यांचे मतभेद कोठे झाले हे पाहिले, म्हणजे आजच्या विद्यार्थ्याने काय शिकावयास हवे याचाही उलगडा होईल.

पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडणारे न्यायमूर्ती रानडे स्वतः अर्थशास्त्राचे अभ्यासक होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळविली व ती सरकारपुढे ठेवली. त्याच सुमारास, १८७६ साली, दादाभाई नौरोजींनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरचा आपला निबंध वाचला. सरकारच्याच आकड्यांवरून प्रांतवार उत्पन्नाचा हिशेब करून त्यांनी दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये ठरविले, आणि ते तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशी ताडून पाहिले. रयतेच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नाही, हा त्यातून निघालेला निष्कर्ष होता. पुढे दारिद्र्यरेषा म्हणून जी कल्पना रूढ झाली तिचे बीज या तुलनेत आहे. मात्र दादाभाईंपुढे एक अडचण होती. आकडे सरकारने गोळा केलेले; ते पुन्हा मोजून पाहण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते.

ते साधन म्हणजे प्रत्यक्ष पाहणी. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून १९१७ साली तो प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये या गावी सरासरी ४० एकरांचे असलेले खाते १९१४–१५ पर्यंत ७ एकरांवर आले होते. एका गावावरून देशाचे अनुमान काढता येत नाही. पण जमिनीचे तुकडे होतात म्हणजे काय होते, हे त्या गावाने दाखविले.

पश्चिमेकडे याच काळात निराळी हालचाल चालू होती. १९३० च्या डिसेंबरात अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे इकॉनॉमेट्रिक सोसायटी स्थापन झाली आणि १९३३ साली तिचे नियतकालिक निघाले. त्याचे संपादक नॉर्वेचे राग्नर फ्रिश यांनी पहिल्याच अंकात आपली भूमिका मांडली. अर्थशास्त्रीय सिद्धांत, संख्याशास्त्र आणि गणित या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत. पण एकेकटी कोणतीच पुरेशी नाही, तिघींच्या मेळातच बळ आहे, असा तिचा आशय. १९६९ साली अर्थशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक फ्रिश आणि हॉलंडचे टिनबर्गेन यांना मिळाले. आजच्या जोडविषयाची व्याख्या करावयाची झाल्यास फ्रिशच्या त्रयीत संगणकाची भर घालणे पुरेसे होईल.

हिंदुस्थानात या मेळाची दोन केंद्रे जवळजवळ एकदमच उभी राहिली. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. १९३१ च्या डिसेंबरात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कलकत्त्यास इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली. महालनोबिस मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. ते मापनाकडून अर्थव्यवहाराकडे आले. गाडगीळ अर्थशास्त्राकडून मापनाकडे गेले. १९३६–३७ मध्ये त्यांनी पुणे शहरातील कुटुंबांची आर्थिक व सामाजिक पाहणी केली. १९४१ साली कलकत्ता विद्यापीठात संख्याशास्त्राचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यास सुरू झाला. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी आरंभिली गेली, आणि १९५६ साली देशातील पहिले अंकीय गणकयंत्र महालनोबिसांच्या संस्थेतच चालू झाले. सिद्धांत, नमुना आणि यंत्र अशी सारी सामग्री त्यामुळे हाताशी आली.

सामग्री आली, पण वादही आला. महालनोबिसांनी बंगालमध्ये पिकाचा अंदाज करण्यासाठी शेतातील लहान लहान तुकडे कापून धान्य मोजण्याची पद्धत वापरली. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे त्या वेळी दिल्लीस कृषिसंशोधन परिषदेत होते. तुकडा फार लहान असला, तर उतारा खऱ्याहून जास्त येतो, असे त्यांनी १९४६ साली दाखवून दिले. कारण अगदी साधे आहे. तुकड्याच्या दोरीवर एखादे ताट आले, म्हणजे ते आत धरावे की बाहेर, असा कापणाऱ्यास प्रश्न पडतो, आणि त्याचा हात ते आत ओढतो. समजा, प्रत्येक बाजूने केवळ ५ सेंटिमीटर पीक जास्त घेतले. एक मीटर बाजूच्या चौरसात उतारा २१ टक्क्यांनी वाढेल. दहा मीटर बाजूच्या चौरसात मात्र सुमारे २ टक्क्यांनीच. असे लहान तुकडे शंभराच्या ठिकाणी दहा हजार घेतले, तरी ही चूक तिळभरही कमी होत नाही, कारण सारी चूक एकाच दिशेची आहे. महालनोबिसही मोजणाऱ्यांच्या चुकांविषयी बेसावध नव्हते. एकाच भागाचे स्वतंत्र नमुने वेगवेगळ्या तुकड्यांकडून मोजवून घेण्याची आणि त्यांतील तफावत पाहण्याची युक्ती त्यांचीच.

दुसरा वाद माणसाच्या पोटाचा होता. गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दररोज दरडोई २,२५० कॅलरी मिळाव्यात एवढा खर्च करण्याची ऐपत, ही त्यांची कसोटी. १९६०–६१ च्या किमतींना तो खर्च खेड्यात वर्षास १८० रुपये व शहरात २७० रुपये येत होता. राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे या कसोटीस लावता खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक या रेषेखाली आढळले. पुढे सुखात्मे, जागतिक अन्न व शेती संघटनेतून निवृत्त होऊन पुण्यास आल्यावर, यावर आक्षेप घेऊ लागले. माणसाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, शरीर काही मर्यादेत तिच्याशी जुळते घेते. म्हणून सरासरीहून कमी खाणारा प्रत्येकजण उपाशी समजणे चूक, असे त्यांचे म्हणणे. दांडेकरांनी त्यास तितक्याच जोराने उत्तर दिले. आकडे दोघांसमोर तेच होते. वाद त्यांच्या अर्थाचा होता, आणि त्या अर्थावर कोट्यवधी माणसे गरीब ठरणार की नाही हे अवलंबून होते. असा वाद कोणतेही यंत्र मिटवू शकत नाही.

आज यंत्राची शक्ती अफाट वाढली आहे आणि आकडे आपण होऊन जमत आहेत. २०१६ पासून यूपीआयने होणाऱ्या प्रत्येक देवघेवीची नोंद होते. परंतु आठवड्याच्या बाजारात रोख पैसे देऊन भाजी घेणारी मजूरबाई या नोंदीत नाही. ढीग कितीही मोठा झाला, तरी ती त्यात आपण होऊन येणार नाही. सुखात्म्यांच्या दोरीचाच हा प्रश्न आहे. येथे ताट आत ओढले न जाता बाहेर राहते, एवढाच फरक. बाहेर राहिलेल्यांसाठी कोणीतरी दारी जावे लागते, आणि नेमके तेच काम मागे पडत आहे. २०१७–१८ च्या उपभोग-खर्च पाहणीचे निष्कर्ष, गुणवत्तेचे कारण देऊन, प्रसिद्ध न करण्याचे सरकारने २०१९ साली ठरविले. त्यामुळे २०११–१२ नंतरचे चित्र पाहण्यास २०२२–२३ च्या पाहणीपर्यंत थांबावे लागले. १८८१ पासून दर दहा वर्षांनी होत आलेली जनगणना २०२१ साली झाली नाही.

म्हणून या जोडविषयाच्या अभ्यासक्रमात एका गोष्टीची भर पडावी, असे मला वाटते. विद्यार्थ्याने गणित शिकावे, संगणकास आज्ञा देण्यास शिकावे, सिद्धांतही शिकावा. पण निदान एक सत्र त्याने एखाद्या गावात किंवा शहरातील वस्तीत जाऊन, घरोघर बसून, पाहणीचे तक्ते स्वतः भरावेत. त्याच घरी आठवड्याने दुसऱ्या विद्यार्थ्यास पाठवावे आणि दोघांचे तक्ते शेजारी ठेवावेत. त्यांतील तफावत कोठून आली, हे दोघांनी मिळून शोधावे. एवढा शोध ज्याने एकदा मनापासून केला, त्याच्या हाती पुढे कोट्यवधी नोंदी आल्या, तरी तो आधी विचारील की, ही नोंद कोणी केली, कशासाठी केली, आणि कोण बाहेर राहिले? रानड्यांपासून दांडेकरांपर्यंतच्या माणसांनी हेच प्रश्न विचारले, आणि ही विद्या देशाच्या कामी आली ती त्यामुळेच.