किकेची तालीम

‘लाथ मारीन तेथे पाणी काढीन’ अशी ऐट मिरविणाऱ्या भल्याभल्या तरण्याबांड गड्यांना ज्या यंत्राने भर चौकात घाम फोडला, त्या साडेतीनशे सीसीच्या बुलेटचा पूर्ववृत्तांत पाहू गेल्यास असे दिसते, की ते सुरू करण्याचे काम बळाचे कधीच नव्हते. ते क्रमाचे आणि कानाचे होते, आणि हा क्रम छापील पुस्तिकेपेक्षा एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे अधिक निष्ठेने पोहोचत आला.

मोटारसायकलीच्या बाल्यावस्थेत किक नव्हतीच. म्युनिक येथे १८९४ साली हिल्डेब्रांड आणि वुल्फम्युलर यांनी विक्रीस काढलेल्या गाडीचा शिरस्ता असा, की स्वाराने ती ढकलीत धावावे आणि इंजिनाने हुंकार देताच वर उडी घ्यावी; पुढे पायडलांच्या गाड्या आल्या, त्या सायकलीसारख्या हाणाव्या लागत. १९०८ च्या सुमारास यॉर्कशायरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉट याने आपल्या टू-स्ट्रोक गाडीला पायाने दाबावयाचा दांडा बसविला, तेव्हा कुठे उभ्या जागी इंजिन जागे करण्याची सोय झाली. अमेरिकेतील इंडियन कंपनीने १९१४ मध्ये विजेवर सुरू होणारी गाडी काढून पाहिली. परंतु त्या काळच्या बॅटऱ्यांना तो भार पेलला नाही, आणि स्वाराच्या पायाची चाकरी आणखी अर्धशतक तरी कायम राहिली.

हिंदुस्थानात या चाकरीची खरी तालीम दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. लष्कराने निकालात काढलेल्या बीएसए आणि नॉर्टन गाड्या लिलावात निघाल्या, आणि त्यांच्याबरोबर ठिणगी पाडणारा मॅग्नेटो आला. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण त्याची ठिणगी फिरण्याच्या वेगावर अवलंबून, म्हणून किक अर्धवट बसली की ठिणगीही अर्धवट. त्यातच हँडलवरची लहानशी दांडी मागे सरकवून ठिणगीची वेळ उशिराची करण्यास स्वार विसरला, तर पिस्टन वर पोहोचण्यापूर्वीच पेट्रोलचा भडका उडून दांडा उलट फिरे आणि नडगीवर आदळे. या प्रकारास गॅरेजमध्ये ‘बॅक मारणे’ म्हणतात. ज्याने हा प्रसाद एकवार घेतला, त्याला ठिणगीच्या वेळेचे महत्त्व निराळे पटवून द्यावे लागत नसे.

लष्कराला सरहद्दीवरील गस्तीसाठी बुलेट पसंत पडली, आणि १९५५ साली इंग्लंडातील रेडिचच्या रॉयल एन्फिल्डने मद्रास मोटर्सच्या सहकार्याने मद्रासेत एन्फिल्ड इंडिया ही कंपनी उभी केली. आरंभी सुटे भाग विलायतेहून येत आणि येथे जोडले जात. हळूहळू तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात सगळीच गाडी घडू लागली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, आणि १९७० च्या आसपास विलायतेतील उत्पादनच संपले. मद्रासेतील बुलेट मात्र ७० मिलिमीटर व्यासाचा आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचा तोच जुना सिलिंडर घेऊन निघतच राहिली. परवाने आणि कोटे यांच्या त्या अमदानीत गिऱ्हाईक मुदतीची वाट पाहत ताटकळत असल्याने कारखानदाराला गाडी बदलण्याची निकड नव्हती. या कुंठित अवस्थेची निंदा करणारे यथार्थच बोलतात. पण विलायतेत हौशी संग्राहकांपुरते उरलेले एक कसब आमच्याकडे दूधवाल्यापासून फौजदारापर्यंत रोजच्या व्यवहारात टिकले, तेही याच कुंठितपणामुळे.

ते कसब जरा जवळून पाहण्यासारखे आहे. किल्ली फिरवून स्वार आधी किक हलक्या पायाने खाली दाबतो आणि नजर ठेवतो ती हेडलाइटच्या टोपणावरील अँपिअरमीटरच्या काट्यावर. ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट मिटलेले असताना कॉइल करंट खाते म्हणून काटा डावीकडे कलतो. पॉइंट उघडताच तो मध्यावर येतो, आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्याजवळ आल्याची ती वर्दी. मग डिकम्प्रेशनची दांडी ओढून, कोंडलेल्या हवेला वाट देऊन, पिस्टन माथ्याच्या किंचित पलीकडे न्यावयाचा, दांडी सोडावयाची, किक वर येऊ द्यावयाची आणि मग शरीराचे वजन टाकून एकच सलग किक मारावयाची. ॲक्सिलरेटर पिळण्याचा मोह येथे आवरावा लागतो.

एवढे करूनही गाडी हटून बसली, तर जुना मिस्त्री किक मारीत बसत नाही. काटा जागचा हललाच नाही तर दोष बॅटरीत किंवा वायरिंगमध्ये, आणि मग कार्ब्युरेटर उघडणे हा निव्वळ कालापव्यय. काटा हलतो पण गाडी बोलत नाही, तेव्हा तो प्लग काढतो. प्लग ओला निघाला तर पेट्रोल पोहोचते आहे; कोरडा निघाला तर पायलट जेटमध्ये कचरा, किंवा टाकीत महिनोन्‌महिने साचून निःसत्त्व झालेले पेट्रोल. ठिणगी पिवळट आणि मरगळलेली दिसली तर पॉइंट जळले आहेत की कंडेन्सर गेला आहे हे पाहावयाचे. पॉइंटांतील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावी लागते, आणि ती ढळली की ठिणगीची वेळही ढळते. टॅपेट फार आवळले असेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कॉम्प्रेशन निसटते आणि किक पोकळ लागते. म्हणून थंड इंजिनावर पुशरॉड बोटांनी सहज फिरावा पण वरखाली डुलू नये, ही त्याची कसोटी. उलट, किक दगडासारखी जड लागली तर बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीचे ऑइल झिरपून क्रँकच्या कोठीत उतरले आहे, असा त्याचा तर्क असतो, आणि तो बहुधा खरा ठरतो. किकेचा जोर क्लचवाटेच इंजिनाला पोहोचत असल्याने क्लच घसरत असेल तर साऱ्या कष्टांवर पाणी पडते, हे मात्र नवशिक्याच्या ध्यानी सर्वांत शेवटी येते. ‘हट्टी गाडी’ म्हणून बदनाम झालेल्या कित्येक बुलेटी माझ्या मते केवळ अशा दुर्लक्षाच्या बळी होत.

मुंबईच्या इराणी कुटुंबाने म्हैसूर येथे काढलेल्या आयडियल जावाची तऱ्हा निराळी. तेथे एकच दांडा आधी किक होई आणि मग दुमडून गिअर होई. टू-स्ट्रोक असल्याने व्हॉल्व्ह नाहीत, डिकम्प्रेशन नाही, आणि पायाला त्रासही बेताचा. बुलेटवाले तिला सोपी म्हणून हिणवीत, यात मत्सराचा अंश नसेलच असे नाही.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी बुलेटला बटण आले, तरी किकेचा दांडा कारखान्याने लगेच काढला नाही. गिऱ्हाईक तो मागून घेई, कारण बॅटरीवर त्याचा भरवसा नव्हता. २०२० नंतरच्या नव्या इंजिनांत मात्र तो राहिला नाही. जुन्या गाड्या अद्याप हजारोंनी रस्त्यावर आहेत, आणि आज त्या दुरुस्तीस आल्या की गॅरेजमधील तरुण पोरगा काट्याकडे न पाहता सरळ कार्ब्युरेटरच खोलावयास घेतो.